ओसरीवरचा गिअरबॉक्स

परवाना राजच्या काळात मोटार घ्यायची म्हटलं की निवड तिघींतून करावी लागे. उत्तरपाड्याची अँबॅसेडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड. पहिल्या दोघी टॅक्सी झाल्या, साहेबांच्या दाराशी उभ्या राहिल्या, वरातीत फुलांनी सजल्या, म्हणून लोकांच्या आठवणीत टिकल्या. हेरल्ड मागे पडली. स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी १९६१ पासून ती मद्रासेत बनवत होती. मूळ गाडी इंग्लंडची, १९५९ची ट्रायम्फ हेरल्ड. तिचं रूप रेखाटलं होतं जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसानं. मडगार्डांसकट अख्खं बॉनेट पुढे उलटं व्हायचं आणि मिस्त्री चक्क पुढच्या चाकावर टेकून इंजिनात हात घालायचा.

तिचं एक नातं मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. १९६२मध्ये ट्रायम्फनं हेरल्डचीच चासी आखूड केली आणि तिच्यावर स्पिटफायर ही उघडी, दोन माणसांची स्पोर्ट्‌स कार उभी केली. रेखाटणारा तोच, गिअरबॉक्सही त्याच घराण्यातला. स्पिटफायर १९८०पर्यंत निघत राहिली, तीन लाखांहून जास्त. म्हणजे मद्रासच्या हेरल्डचा गिअरबॉक्स जो खोलतो, तो एका परीनं ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारचाच गिअरबॉक्स खोलतो. तो घरी खोलावा की नाही, यावर दोन्ही बाजूंनी भांडता येतं.

हे भांडण चांदूर बाजारात लावून पाहू. परतवाडा आणि मोर्शीच्या मधलं, संत्र्याच्या पट्ट्यातलं हे तालुक्याचं गाव. तिथल्या एका वाड्यात साठीच्या दशकातली हेरल्ड उभी आहे असं धरा. आजोबांची गाडी. चालू आहे, पण दुसरा गिअर टाकताना करकरते आणि खालच्या गिअरांत कण्हते. मामा एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. भाचा पुण्यात नोकरीला, दिवाळीला आलेला, हातात पान्यांची नवी पेटी. कुणालाही वाटेल की जुन्या माणसाला जुन्या गाडीचं वेड असणार आणि तरुण म्हणणार, द्या टाकून. इथे उलटं आहे. खोलायचं म्हणतो भाचा, नको म्हणतात मामा.

"खोलाले काय लागते, बाबू? पाने लागते अन् हिंमत लागते. थे दोनी तुह्यापाशी हायेत. बसवाले मापं लागते. थे नाई हायेत."

"मापं घ्यायला शिकता येतं, मामा."

"शिक ना. पन आजोबाच्या गाडीवर कायले शिकतं?"

एका गोष्टीवर मात्र दोघांचं पहिल्यापासून एकमत आहे. पाना लावायच्या आधी गाडी ऐकायची. मामा इंजिन चालू करून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायला सांगतात. क्लच सोडलेला असताना घरघर येते. क्लच दाबला की थांबते. म्हणजे दोष गिअरबॉक्सच्या आत, इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगमध्ये किंवा लेशाफ्टपाशी. मग भाचा एक चक्कर मारून येतो आणि सांगतो की चौथ्या गिअरात आवाज जवळजवळ जातो. मामांच्या भुवया वर जातात, कारण पोरगं बरोबर ऐकून आलंय. चौथ्या गिअरात इंजिनाची ताकद सरळ आरपार जाते, लेशाफ्टवरची दातेरी चक्रं नुसती फिरतात, ओझं वाहत नाहीत. खालच्या तिन्ही गिअरांत सगळा भार त्यांच्यावर. तेव्हा कण्हणं तिथलंच.

नंतर तेल. ड्रेन प्लग काढून गिअरबॉक्सचं तेल पांढऱ्या ताटलीत घेतलं की निम्मं निदान होतं. पितळेची बारीक चमक दिसली तर सिंक्रोच्या रिंगा झिजल्या. लोहचुंबकाला चिकटणारे पापुद्रे निघाले तर पोलादाचा वरचा कडक थर सुटायला लागला, आणि त्यावर खोलण्यावाचून इलाज नाही. हेरल्डच्या बॉक्समध्ये तेल जेमतेम पाऊण-एक लिटर मावतं. एवढ्याशा तेलात साठ वर्षांचा हिशेब असतो.

ताटलीत दोन्ही निघतं, चमक आणि पापुद्रे. खोलायचा की नाही हा प्रश्न तिथेच मिटतो. कुठे खोलायचा, हा उरतो.

भाच्याकडचा सगळ्यात भक्कम मुद्दा गाडीच्या बांधणीतच आहे. बहुतेक जुन्या गाड्यांत गिअरबॉक्स काढायचा म्हणजे गाडी उंच उचला, खड्ड्यात उतरा, नाहीतर इंजिनासकट सगळं बाहेर ओढा. एमजीबी या तेव्हाच्या दुसऱ्या नावाजलेल्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनंच बाहेर काढावे लागतात. हेरल्डमध्ये तो गाडीच्या आतून, पुढच्या सीटांच्या जागेतून निघतो. सीटा काढा, मधला उंचवटा झाकणारं कव्हर काढा, गिअरबॉक्स समोर उघडा. मागचा प्रॉपेलर शाफ्ट सोडा, स्पीडोमीटरची केबल सोडा, क्लचचा सिलिंडर बाजूला करा, बेलहाउसिंगचे बोल्ट काढा. इंजिनाखाली तेवढा जॅक लावून ठेवायचा, कारण त्याचा मागचा आधार गिअरबॉक्सवरच असतो. मग दोन माणसं तो दारातून बाहेर घेतात.

"क्रेन नाही, खड्डा नाही, रॅम्प नाही," भाचा म्हणतो. "ही गाडी घरी दुरुस्त व्हावी अशीच बांधलीय."

"निघाले सोपी हाये म्हनून दुरुस्त कराले बी सोपी झाली काय?" मामा विचारतात. आणि मग एसटीचा दाखला देतात.

हा दाखला हलका नाही. १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली तेव्हापासून एसटीनं खेड्यापाड्यांतल्या रस्त्यांवर गाड्या चालवल्या, आणि त्या चालत्या ठेवण्यामागे एक शिस्त होती. आगारात गिअरबॉक्स उघडत बसायचं नाही. बिघडलेला खाली घ्यायचा, दुरुस्त होऊन आलेला वर चढवायचा, गाडी मार्गावर पाठवायची. बिघडलेलं युनिट विभागीय कार्यशाळेत जातं. तिथे तेच काम रोज करणारी माणसं असतात, प्रेस असतो, मापाची साधनं असतात. त्याच्याही वर दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळा. मामांचं सगळं आयुष्य या शिस्तीत गेलं.

"आमच्यापाशी रोज गिअरबॉक्स येत. हात बसला व्हता. तरीबी डायल गेज लावल्याबिगर कोनी झाकन लावलं नाई. अन् तू इथी ओसरीवर खोलनार. समोर कापूस वेचून आनला हाये, वारं सुटलं का धुया. बेअरिंगमंदी एक खडा गेला तं झालं."

भाचा थोडा गप्प राहतो. मग विचारतो, "बरं, पाठवू. कुठे पाठवू?"

हा प्रश्न मामांना अडवतो. अमरावतीत चांगले मिस्त्री आहेत, बडनेऱ्याच्या रस्त्यावर आहेत, नागपुरात तर आहेतच. पण हेरल्डचा गिअरबॉक्स हातात धरलेला माणूस त्यांच्यात कोण? ज्यांनी धरला होता ते थकले किंवा गेले. आजच्या मिस्त्रीला हा बॉक्स पहिल्यांदाच दिसणार. मग भाचा नवशिका आणि मिस्त्रीही नवशिकाच. मिस्त्रीच्या दारात चार गिऱ्हाइकं उभी असणार, भाच्याकडे अख्खी दिवाळीची सुट्टी आहे. कार्यशाळेची शिस्त एकसारख्या हजारो गाड्यांवर उभी असते. एकुलत्या गाडीला ती लागू करायची तर बदली युनिट आणायचं कुठून?

मामा यावर हो म्हणत नाहीत, पण ओसरी झाडून घ्यायला सांगतात. पाणी मारून धूळ बसवतात. पत्र्याचं टेबल, त्यावर जुनं धोतर, कडेला रॉकेलचं घमेलं.

इथून पुढे बॉक्सच्या आतलं काम, आणि तिथे दोघांचंही थोडं थोडं खरं ठरतं.

गिअर बदलताना दाते एकमेकांत घुसतात असं अनेकांना वाटतं. हेरल्डमध्ये दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरची चक्रं कायम एकमेकांत गुंतलेलीच असतात. लिव्हर हलवला की सरकते ती स्लीव्ह, आणि ती चक्राला शाफ्टशी बांधून टाकते. बांधायच्या आधी दोघांचा वेग जुळायला हवा. ते काम पितळी सिंक्रो रिंगेचं. चक्राच्या निमुळत्या पोलादी कोनावर ती फुलपात्रासारखी पालथी बसते आणि घासून वेग जुळवते. १९२८मध्ये कॅडिलॅकनं ही युक्ती पहिल्यांदा गाडीत आणली. त्याआधी बहुतेक ड्रायव्हर डबल क्लच मारत: क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, अंदाजानं ॲक्सिलेटर, पुन्हा क्लच, मग गिअर. आपल्याकडच्या ट्रकवाल्यांच्या पायात ही सवय कितीतरी वर्षं राहिली. हेरल्डच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नाहीच, म्हणून गाडी पूर्ण थांबल्यावरच पहिला टाकायचा असतो.

रिंग झिजली आहे की नाही हे घरी तपासता येतं. कोरडी रिंग कोनावर दाबून बसवायची आणि रिंग व चक्राच्या दात्यांमधली फट फीलर गेजनं मोजायची. रिंग झिजते तशी ती कोनावर जास्त आत बसते आणि फट कमी होते. आतल्या बाजूचे बारीक आटे नखाला लागले नाहीत तर मोजायचीही गरज नाही. दुसऱ्या गिअरची रिंग भाचा नखानं चाचपतो आणि मामांच्या हातात देतो. मामा अंगठा फिरवतात. "गेली," म्हणतात. एवढं काम ओसरीवर झालं, आणि नीट झालं.

लेशाफ्टचं तसं नाही. हा शाफ्ट स्वतः फिरत नाही. त्याच्यावर दातेरी चक्रांचा अख्खा समूह सुईसारख्या बारीक रोलरांवर फिरतो. शाफ्ट ओढून काढला की रोलर खाली सांडतात, आणि परत जुळवताना एक जरी कमी पडला तरी सगळी मेहनत पाण्यात. यावरचा उपाय मामांना माहीत आहे: डमी शाफ्ट. त्याच जाडीचा, थोडा आखूड गज लेथवर करून घ्यायचा. तो एका टोकानं आत ढकलत नेला की खरा शाफ्ट दुसऱ्या टोकानं बाहेर पडतो आणि रोलर जागच्या जागी राहतात. परत बसवताना हेच उलट्या क्रमानं, रोलरांना जाड ग्रीस लावून.

"हे यूट्यूबवर सांगतात का?" मामा विचारतात.

"सांगतात," भाचा म्हणतो. "पण गज कोणत्या लेथवाल्याकडून करायचा ते नाही सांगत."

मामा हसतात. गज गावातच होतो.

खरा शाफ्ट बाहेर आल्यावर पुढच्या टोकाला बोट फिरवलं तर खवले लागतात. या घराण्यातल्या गिअरबॉक्सचं हे ओळखीचं दुखणं: पुढच्या टोकाकडच्या रोलरांखाली शाफ्टचा कडक थर फुटतो आणि खळगे पडतात. खालच्या गिअरांत जो आवाज येत होता तो हाच. पण खळगे दिसणं वेगळं आणि शाफ्टची जाडी किती उरली हे सांगणं वेगळं. तिथे मायक्रोमीटर हवा, आणि तो वाचायला सवयीचा डोळा. तीच गोष्ट थ्रस्ट वॉशरांची. चक्रांना आडवी किती ढील राहते ते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास मोजायचं असतं. ढील जास्त झाली तर गिअर आपोआप सुटतो, कमी झाली तर वॉशर जळतो. मेन शाफ्टवरची सर्कलिप काढणं हा तर ट्रायम्फवाल्यांमध्ये जगभर कुप्रसिद्ध प्रकार आहे. तिला खास हत्यार लागतं, आणि साध्या स्क्रू-ड्रायव्हरनं जबरदस्ती केली तर शाफ्टला ओरखडे येतात. भाचा स्क्रू-ड्रायव्हर उचलतो, मामा तो काढून घेतात.

वरच्या झाकणाचीही एक गोम आहे. त्यात तीन सळया असतात, गिअरचे फोर्क ओढणाऱ्या. त्यांच्या मध्ये छोट्या गोळ्या आणि एक पिन असते. एक सळई सरकली की ही मंडळी बाकीच्या दोन अडवून धरतात, म्हणून दोन गिअर एकाच वेळी पडत नाहीत. जोडताना यातलं काही राहून गेलं तर गाडी उभी असेपर्यंत सगळं ठीक वाटतं. रस्त्यावर दोन गिअर एकदम लागले तर मागची चाकं जागच्या जागी आवळतात.

"म्हनून मी म्हनतो," मामा म्हणतात, "फोटो काढून होत नाई. फोटोत गोयी दिसते. तिची ढील दिसत नाई."

आता सामानाचा प्रश्न. मामांना वाटतं वाद इथेच संपेल. "फियाट असती तं सामान कुठीबी भेटलं असतं." त्यांचं खरं आहे. मुंबईतली शेवटची प्रीमिअर पद्मिनी, म्हणजे फियाटच, टॅक्सी म्हणून २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. इतका काळ इतक्या टॅक्सी धावल्या म्हणजे सामान बनत राहिलं, विकलं गेलं, भंगारातून निघत राहिलं. हेरल्डला असा आधार नाही. मद्रासची कंपनी केव्हाच बंद पडली.

भाच्याचं उत्तर या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी आहे. हेरल्डला इथे कुणी विचारत नसेल, पण तिच्या बहिणीला इंग्लंडात आजही विचारतात. स्पिटफायर ही हौशी लोकांची लाडकी गाडी, म्हणून तिच्या सिंक्रो रिंगा, लेशाफ्ट, रोलर, वॉशर, बेअरिंगं अजून नवी बनतात आणि पार्सलनं येतात. चांदूर बाजारातली हेरल्ड जगणार ती स्पोर्ट्‌स कारच्या जिवावर.

मामा क्षणभर विचारात पडतात. मग मिस्त्रीचा प्रश्न विचारतात: "कोनत्या सालच्या स्पिटफायरचं?"

हाच प्रश्न पैसे वाचवतो. १९७०च्या मार्क फोर स्पिटफायरपासून पहिल्या गिअरलाही सिंक्रो आला, म्हणजे आतलं बरंच काही बदललं. त्यानंतरच्या १५०० मॉडेलला तर एकाच सळईचा निराळाच गिअरबॉक्स बसवला. भारतात बनलेल्या भागांतही मूळ इंग्लिश भागाच्या मानानं फरक असू शकतो. नाव सारखं म्हणून भाग बसेलच असं नाही. जुना भाग मोजा, नव्याचं माप मागवा, मगच पैसे भरा. तेलाचंही तसंच. वर्गवारीत जीएल-५ म्हणून येणाऱ्या काही तेलांतली रसायनं पितळ खातात, शिवाय ती इतकी निसरडी की रिंग कोनाला पकडच घेत नाही. या बॉक्सला जीएल-४. भाच्यानं ऑनलाइन मागवलेला डबा जीएल-५चा निघतो, आणि तो मुकाट्यानं मागच्या ॲक्सलसाठी बाजूला ठेवला जातो.

एवढं झाल्यावर मामा आपला हुकमाचा एक्का टाकतात. हे सगळं कशाला? ओम्नीचं इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनंच बसवून टाकू. पुढचे चारही गिअर सिंक्रोचे, सामान परतवाड्यात मिळतं, ॲव्हरेज जास्त. जुन्या फियाट-अँबॅसेडरांत लोकांनी डिझेल इंजिनं बसवली नव्हती का?

"आपली शकुंतला पाहय," ते म्हणतात. मूर्तिजापूर-अचलपूरची ही छोट्या रुळांची गाडी होती. मँचेस्टरला १९२१ साली घडवलेलं वाफेचं इंजिन १९२३पासून तिला ओढत होतं. १५ एप्रिल १९९४ला त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. "इंजिन बदललं म्हनून शकुंतला बंद पडली काय? उलट चालली. लोकाईले गाडी पाह्यजे व्हती, वाफ नाई."

"आणि ते वाफेचं इंजिन सत्तर वर्षं कसं चाललं, मामा? कुणीतरी खोलून जोडतच होतं ना?"

दाखला एकच, पण तो दोघांच्याही बाजूनं बोलतो. रोजच्या वाहतुकीसाठी मामा बरोबर आहेत. प्रवाशाला पोचायचं असतं. पण ओम्नीचं इंजिन घातल्यावर वाड्यात उभी असेल ती हेरल्डच्या कातडीतली ओम्नी, आणि तसं केलं की कायद्याच्या लेखीही ती वेगळी गाडी होते. इंजिन बदललं तर नोंदणी पुस्तकात बदल करून घ्यावा लागतो, ते एक. दुसरं, २०२१मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नंबरात व्हीए ही अक्षरं, नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालणार नाही. झिजलेली रिंग बदलणं ही देखभाल झाली. ओम्नीचं इंजिन घालून हा दर्जा मिळणार नाही.

मग वाटणी ठरते. सुटं करणं, धुणं, रिंगा आणि फोर्क तपासणं, जोडणं, हे ओसरीवर. लेशाफ्ट आणि मेन शाफ्ट कापडात गुंडाळून अमरावतीला, मोजायला आणि प्रेसखाली बेअरिंगं बदलायला. झाकण लावायच्या आधी ढील मामा स्वतः मोजणार. त्यासाठी डायल गेज त्यांच्या ओळखीच्या आयटीआयच्या निदेशकाकडून. इंग्लंडची ऑर्डर मापं हाती आल्यावर. भाचा यादी फोनमध्ये लिहितो. मामा तीच यादी बिलाच्या पाठीवर लिहून घेतात, कारण फोनवर त्यांचा भरवसा नाही.

तरी एक वाद राहतोच. भाच्याला व्हीए नंबर हवा आहे आणि एकदा तरी मुंबईच्या व्हिंटेज रॅलीत गाडी न्यायची आहे. मामांना पौषात बहिरमच्या यात्रेला जायचं आहे. गाडीत मंडळी, डिकीत रोडग्यांचं पीठ आणि हंडीचं सामान.

"व्हीए नंबर घेतला की गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीलाच बाहेर काढता येते," भाचा नियम वाचून दाखवतो. "रोजच्या वापराला नाही. यात्रेचं नाव यात कुठंच नाही."

मामा चष्मा लावून फोनच्या पडद्यावर तेच वाचतात. "दुरुस्तीले चालते म्हनते ना?" ते विचारतात. "मंग बहिरमले एखादा मिस्त्री पाहून ठेवतो."